वाशीतलं इमोशनल इंटेलिजन्सचं वर्कशॉप: ३ स्टार, त्यातला एक पॅन्ट्रीतल्या मामांचा

आधीच सांगते, ट्रेनिंग कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. ऑफिसचा त्यांच्याशी करार अजून चालू आहे आणि मला ऐरोलीतच नोकरी करायची आहे. पण मैत्रिणींशी बोलले तर रबाळे म्हणा महापे म्हणा, तिकडच्या एचआरकडेही अशाच पॅकेजची माहितीपत्रकं येऊन पडलीत, दोन दिवसाचं इमोशनल इंटेलिजन्सचं, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेचं, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून वागायचं वर्कशॉप अधिक थ्री सिक्स्टी फीडबॅक (वरचे, खालचे, बरोबरचे सगळे मिळून गुण देतात तो) अधिक तीन महिन्यांनी फॉलोअप, तेव्हा कुणाच्या ऑफिसात येऊ घातलं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी इन्शुरन्स क्लेम्सच्या बॅक ऑफिसला टीम लीड आहे. माझ्या हाताखाली ९ जण आणि माझ्या डोक्यावर एक साहेब. म्हणजे साहेबांबद्दलचा फॉर्म मी भरला आणि माझ्याबद्दलचा फॉर्म माझ्या ९ जणांनी भरला, त्यामुळे भाकरीसारखी दोन्ही बाजूंनी भाजून निघाले. पैसे ऑफिसने भरले, माणशी साडेसात हजार अधिक १८ टक्के जीएसटी, दोन दिवसाचं जेवण धरून, हे एचआरच्या मुलीनेच सांगितलं. इतक्यात आमच्या टीमची दोन वर्षांची दिवाळी भेट झाली असती, पण ते असो.

वर्कशॉप ठेवलं शुक्रवार-शनिवार. शनिवारी आमची सुट्टी असते. लोकांच्या भावना समजून घ्यायचं शिकवायला लोकांचा सुट्टीचा दिवस खाल्ला आणि कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, विचारला तर "ही तुमच्या स्वतःच्या विकासातली गुंतवणूक आहे" असं मेलवर उत्तर आलं. इथेच एक स्टार गेला, हॉलमध्ये पाय ठेवायच्या आधी.

त्यात महिना जुलै. शुक्रवारी सकाळी मध्य रेल्वेची नेहमीची बोंब, ठाण्याला नऊ-दहा नंबरवर उतरणाऱ्यांची ही गर्दी आणि वाशी लोकलला लोंबकळायलाही जागा नाही. डोंबिवलीहून येणारे आमचे दोन टीम लीड २० मिनिटं उशिरा पोचले, चिखलाने पँट गुडघ्यापर्यंत भरलेली, आणि ट्रेनर मॅडमच्या असिस्टंटने त्यांना दारातच थांबवलं, का तर वेळ पाळणं हा सेल्फ रेग्युलेशनचा, म्हणजे स्वतःवर ताबा ठेवण्याचा, भाग आहे. सगळा हॉल बघत होता, एकजण तर मोठ्याने हसला. खरं सांगायचं तर भावनिक बुद्धिमत्तेचा दोन दिवसातला सगळ्यात चांगला धडा तोच होता, फक्त तो स्लाइडवर नव्हता. ट्रेनर मॅडमना मात्र मानलं, त्या स्वतः दारापर्यंत गेल्या, दोघांना आत घेतलं, आधी टॉवेल आणि चहा मागवला आणि मग माईकवर म्हणाल्या की आमची चूक झाली. माईकवर, बरं का. चूक चारचौघात झाली तर माफी पण चारचौघात, एवढं साधं आमच्या मजल्यावर एकाही केबिनला अजून जमलेलं नाही.

पहिल्या दिवशी सकाळी थिअरी. ती बरी होती, अगदी वरवरची नव्हती. सालोवी आणि मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना शोधनिबंधात मांडली, त्यातले सालोवी पुढे येल विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. मग १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घराघरात पोचवली, हे गोलमन न्यूयॉर्क टाइम्समध्ये विज्ञानावर लिहायचे, म्हणून लोकांना कळेल असं लिहिता आलं असणार. त्यांनीच १९९८ च्या एका लेखात लीडरसाठी पाच भाग सांगितले, स्वतःची जाणीव, स्वतःवर ताबा, आतून येणारी उमेद, समोरच्याचं मन कळणं आणि माणसं सांभाळणं. हे पाच भाग मग दोन दिवस आमच्या मागे लागले, पाण्याच्या बाटलीवर सुद्धा छापले होते.

मॅडमनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली जी सेल्सवाल्याने एचआरला नक्कीच सांगितली नसणार. भावनिक बुद्धिमत्ता मोजायचे प्रकार वेगवेगळे आहेत. मेयर-सालोवी मंडळींची १४१ प्रश्नांची जी टेस्ट आहे तिच्यात चेहऱ्यांचे फोटो दाखवून कुठली भावना किती दिसते असं विचारतात, म्हणजे परीक्षाच, उत्तर बरोबर किंवा चूक. आमच्या पॅकेजमध्ये जे होतं ते तसलं नाही. "तुम्ही किती हुशार आहात ते यात कळत नाही, तुम्ही तुमच्या लोकांना कसे दिसता तेवढंच कळतं," असं त्या म्हणाल्या. आमच्या साहेबांनी लगेच हात वर केला, मग हे पर्सेप्शनच झालं ना, खरं कशावरून? मॅडम म्हणाल्या, सर, राजीनामा पर्सेप्शनवरच देतात. हॉल गप्प. मी मनातल्या मनात शिट्टी वाजवली.

आता फॉर्मबद्दल, कारण पैसे खरे फॉर्मचे असतात. वर्कशॉपच्या तीन आठवडे आधी लिंक आली, चाळीसेक प्रश्न, १ ते ५ मध्ये गुण द्यायचे. त्यातला पहिलाच प्रश्न, "माझे मॅनेजर स्वतःच्या भावना अचूक ओळखतात." आता मला काय माहीत? मी काय त्यांच्या पोटात शिरलेय? दुसरा, "माझे मॅनेजर दबावाखाली शांत राहतात." शांत राहतात की शांत दिसतात? आमचे साहेब महिनाअखेरीला इतके शांत होतात की कीबोर्डचा आवाज बदलतो, एंटरवर बोट नाही, हातोडा पडतो. याला १ देऊ का ५?

विचारायला पाहिजे होतं ते वेगळंच. लीव्हचा मेल टाकायच्या आधी तुम्ही तो किती वेळा खोडून परत लिहिता? टीम्सच्या चॅटवर साहेबांचं नुसतं "हाय" आलं आणि पुढे काहीच नाही, तर तुमच्या पोटात काय होतं? चूक झाली तर आधी साहेबांना सांगता का आधी लपवता येते का ते बघता? क्लायंटच्या कॉलवर तुमच्या नावाने खापर फुटेल याची किती खात्री वाटते? मॅनेजरला माणसं कळतात की नाही हे आम्ही यावरून ठरवतो. "टेक केअर" किती वेळा म्हणाले त्यावरून नाही. "जेवलीस का?" हाच प्रश्न एकाने विचारला तर बरं वाटतं आणि दुसऱ्याने विचारला की कळतं, आता साडेसातपर्यंत सुटका नाही. शब्द तेच.

आणि अजून एक घोळ. फॉर्म आले जूनमध्ये, आमची इन्क्रिमेंटची लेटर आली मे अखेरीस. ज्याला बरं इन्क्रिमेंट मिळालं त्याने डोळे झाकून सगळीकडे ५ दिले, ज्याला नाही मिळालं त्याने "वेळेवर मीटिंगला येतात" यालाही २. याला हेलो इफेक्ट म्हणतात, एका गुणाचा उजेड नाहीतर अंधार बाकी सगळ्यावर पडतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांवरून हे दाखवलं होतं, तिथे वरिष्ठ हाताखालच्यांना गुण देत होते, इथे उलट. शंभर वर्षांपूर्वीचं माहीत असलेलं दुखणं, तरी फॉर्म इन्क्रिमेंटनंतर लगेच पाठवायचा नाही एवढं कंपनीला कळू नये? विचारलं तर म्हणाले तारखा क्लायंट ठरवतो. क्लायंट म्हणजे आमचं एचआर. म्हणजे झालं.

सगळ्यात मोठी तक्रार आता. फॉर्म निनावी असं तीन ठिकाणी ठळक अक्षरात लिहिलं होतं. गुण सरासरी काढून दिले, ठीक आहे, पण खालच्या मोकळ्या चौकटीत लोकांनी जे लिहिलं ते जसंच्या तसं, स्पेलिंगच्या चुकांसकट रिपोर्टमध्ये छापलं! आमच्या साहेबांना रिपोर्ट करणारे आम्ही पाच जण. मी लिहिलं होतं की साहेब दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, आणि लिहिताना माझ्या सवयीने "बेसिकली" तीनदा आलं होतं. दुसऱ्या दिवशी लंचला साहेब ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.

"हे बेसिकली तूच लिहिलंयस ना?"

मी पनीरमध्ये डोकं घातलं. म्हटलं, सर, ते निनावी...

"नाही गं, राग नाही आला. मला खरंच कळायचंय. मी खरंच लोकांना मध्ये तोडतो का?"

"सर, म्हणजे कसं होतं, मीटिंगमध्ये आपण जेव्हा..."

"नाही, कारण मला वाटतं मी क्लॅरिटी आणतो."

समोर बसलेल्या अकाउंट्सच्या मॅडमना ठसका लागला. तरी एक सांगते, ते येऊन बसले. आधीचे साहेब असते तर पुढचे सहा महिने मला रात्रीची शिफ्ट लागली असती आणि कारण कधीच कळलं नसतं. म्हणून माझ्या लेखी साहेबांचा एक गुण वाढला, फॉर्म मात्र बंद झाला होता.

दुपारच्या सत्रात जोहारीची खिडकी नावाचा प्रकार झाला. चार खण, त्यातला एक म्हणजे लोकांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही तो. आम्हाला सगळ्यांना वाटलं जोहारी कोणी आपलेच गुजराती किंवा मारवाडी गृहस्थ असणार, जवेरीसारखं. निघाले ते जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम, १९५५ चे दोन अमेरिकन, जो आणि हॅरी मिळून जोहारी. ही माहिती मी घरी सगळ्यांना सांगून झाली, आता तुम्हाला.

तर त्या खणाचं. माझा रिपोर्ट. कोळ्याच्या जाळ्यासारखा चार्ट असतो, निळी रेघ आपण स्वतःला दिलेले गुण, नारिंगी रेघ टीमने दिलेले. "टीमचं म्हणणं ऐकून घेतात" यात मी स्वतःला साडेचार दिले होते. आणि मनापासून दिले होते हो, मी ओरडत नाही, कुणाला घालूनपाडून बोलत नाही, पोरांच्या परीक्षा, कुणाच्या आईचं डायलिसिस, सगळं मला पाठ असतं. टीमने दिले २.८. खाली दोन कॉमेंट. एक, "मॅडम रागावत नाहीत, गप्प होतात. त्यापेक्षा रागावलेल्या परवडल्या." दुसरी, "मॅडमना आपली अडचण सांगायला गेलं की त्या समजून घेतात पण आधी त्या स्वतः किती दमल्यात ते ऐकावं लागतं."

वाचून कान गरम झाले. पहिला अर्धा तास मी काय केलं असेल? कोणी लिहिलं असेल ते शोधत बसले. नऊ जणांची भाषा मनात लावून बघितली, "परवडल्या" कोण म्हणतं, पूर्णविराम कोण देतं. म्हणजे साहेबांनी लंचला जे केलं तेच, फक्त साहेब निदान तोंडावर येऊन विचारते झाले. संध्याकाळी ठाण्याला उतरून कोपरीच्या बाजूने घरी येईपर्यंत पावसात डोक्यात तेच. नवऱ्याला वाचून दाखवलं आणि म्हटलं बघ, एवढं करून हे. तो म्हणाला, "बरोबर लिहिलंय की." मी गप्प झाले. तो म्हणाला, "हे. हेच लिहिलंय त्यांनी."

त्या रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं. कुणी बोललं नाही.

रोल प्लेबद्दल थोडक्यात. एकाने मॅनेजर व्हायचं, दुसऱ्याने स्टाफ, स्टाफची आई हॉस्पिटलात आहे आणि त्याला उद्यापासून चार दिवस सुट्टी हवीय. सात मॅनेजर आले आणि सातही जणांचं दुसरं वाक्य हँडओव्हरबद्दल, म्हणजे काम कुणाकडे सोपवणार याबद्दल होतं. पहिलं वाक्य "सो सॉरी टू हिअर". एकानेही कुठल्या हॉस्पिटलात, तुझ्याबरोबर कोण आहे, पैशाचं काय, असं विचारलं नाही. आठवी आमची डोंबिवलीवाली, आदल्या दिवशी दारात अडवलेली. ती म्हणाली, "तू नीघ आता, मेल मी करते, काही लागलं तर रात्री पण फोन कर." संपलं, अर्ध्या मिनिटात. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, पण का ते नीट उलगडून सांगितलं नाही, लगेच पुढची स्लाइड. इथे खरं तर तासभर थांबायला हवं होतं, कारण तिने दया दाखवली नव्हती, काम स्वतःकडे घेतलं होतं. आम्ही हाताखालचे लोक हेच बघत असतो, साहेबांच्या सहानुभूतीत साहेबांचं काय खर्च झालं.

आणि हसू ओळखू येतं. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींवर अभ्यास करून लिहिलं होतं की पगारासाठी चेहरा हसरा ठेवणं हे सुद्धा श्रमच आहेत, नुसतं वरवरचं हसणं वेगळं आणि स्वतःला आतून तसं वाटायला लावणं वेगळं. मॅडमनी हे कॉल सेंटरच्या पोरांच्या संदर्भात सांगितलं. मला वाटलं हे मॅनेजरांना लावून सांगायला पाहिजे होतं. कारण वर्कशॉपनंतरच्या सोमवारी आमच्या मजल्यावर जे काही सुरू झालं! जो तो येऊन "हाऊ आर यू फीलिंग टुडे?" क्लेम्सच्या एका पोराने तर घाबरून मला मेसेज केला, मॅडम, कुणाला काढणार आहेत का?

आता मामांबद्दल. आमच्या पॅन्ट्रीला एक मामा आहेत, बारा-तेरा वर्षं तिथेच, एजन्सीकडून, त्यामुळे वर्कशॉपला त्यांना कोण बोलावतंय. पण अख्ख्या मजल्याला माहितीय, मोठ्या केबिनमध्ये जायच्या आधी मामांना विचारायचं. ते चहाचा ट्रे घेऊन बाहेर येतात आणि नुसतं बघतात. "आत्ता नको ताई, कप हलवलाच नाही." किंवा "जा बिनधास्त, बिस्किट मागितलं." आजपर्यंत मामा चुकल्याचं मला आठवत नाही. साहेबांना मात्र मामांच्या मुलीचं लग्न झालं हे पेढे टेबलावर आले तेव्हा कळलं.

यात मामा फार थोर आणि साहेब वाईट असं नाहीये. मामांना मूड वाचावा लागतो, नाही वाचला तर ट्रेसकट शिव्या खाव्या लागतात. आम्हालाही वाचावा लागतो. साहेबांना आमचा वाचायची गरज पडत नाही, नाही वाचला तरी पगार पहिल्या तारखेला जमा. जसजसं वर जावं तसतशी ही नजर कमी होते, वापरच नाही ना. मी टीम लीड झाल्यापासून माझीही गेली असणार, २.८ उगाच आले नाहीत. वर्कशॉपमध्ये सगळा भर मॅनेजरने स्वतःला ओळखावं यावर होता, पण आम्ही खाली बसून त्यांना रोज किती बारीक ओळखत असतो आणि ते ओळखण्यात आमचा किती दिवस जातो, यावर एक स्लाइड नाही. साडेसात हजारात एवढं यायला हवं होतं.

मंगळवारी चहा घ्यायला गेले तेव्हा मामांना सहज विचारलं, मामा, माझा मूड कसा ओळखता हो? ते हसले, सांगेनात. मग म्हणाले, "तुम्ही रागावलात की कप स्वतः धुता."

काय बोलणार. कप ठेवला तसाच, बाहेर आले.

बाकी सोयीचं सांगते. हॉल वाशी स्टेशनपासून रिक्षाने जवळ, एसी भयंकर, शाल न्या. बटाटेवडा उत्तम, बुफे नेहमीचा, जैनवाल्यांची वेगळी सोय होती हे चांगलं. हँडआउट सगळे इंग्रजीत, आमच्या सिक्युरिटी आणि फॅसिलिटीच्या सुपरवायझरना पाठवलं होतं त्यांनी दोन दिवस मान हलवण्यात काढले. माणसं सांभाळण्याचं काम खरं त्यांच्याकडे जास्त असतं. मॅडम मराठी छान बोलत होत्या, लंचला बोलल्या पण, मग एक सत्र मराठीत घ्यायला काय हरकत होती. फॉलोअप तीन महिन्यांनी ऑनलाइन झाला, ४० मिनिटं, सगळ्यांचे कॅमेरे बंद, कोणीतरी मागे कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं.

बुक करणार असाल तर निनावी शेरे जसेच्या तसे छापणार का हे आधी लेखी विचारून घ्या आणि छोट्या टीमचे शेरे रिपोर्टमधून काढून टाकायला लावा, मॅडमनी तोंडीच सांगितले तरी चालतात. फॉर्म इन्क्रिमेंटपासून लांब ठेवा. शनिवार घेऊ नका.

आमचे साहेब? त्यांनी एकच टिप घरी नेली, उत्तर देण्याआधी मनात दहापर्यंत मोजा. मनात मोजतात, पण ओठ हलतात. आता मीटिंगमध्ये आम्ही सगळे बोलता बोलता त्यांच्या ओठांकडे बघत असतो आणि नंतर पॅन्ट्रीत आकडा सांगतो. बहुतेक वेळा चारला तुटतं. परवा मी दिवाळीच्या सुट्टीचं विचारलं तेव्हा सातपर्यंत गेले होते.